चौघांत एक पासवर्ड

हॉस्टेलच्या घटनेत एकच कलम आहे : जे तुझं, ते माझं. बादली एकीची, साबण दुसरीचा, इस्त्री तिसरीची आणि मॅगी जिची असेल तिची, पण ती झोपली असेल तर सगळ्यांची! जर्नल्स साठ असली तरी आकृत्या चारच हातांच्या असतात. सकाळच्या पहिल्या लेक्चरला एकाच गळ्यातून तीन वेगवेगळे ‘येस मॅडम’ निघतात आणि बिचाऱ्या मॅडम मान खाली घालून तिन्ही नावांपुढे हजेरी लावतात. घरापासून लांब राहताना या वाटून घेण्याचा केवढा आधार असतो, ते हॉस्टेलवर राहिल्याशिवाय कळायचं नाही.

त्याच हिशेबाने आपण पासवर्डही वाटतो. सिनेमे बघायच्या अकाउंटचा पासवर्ड सगळ्या मजल्याला पाठ असतो. सबमिशनच्या दिवसांत कॉलेजच्या पोर्टलचाही होतो. एखादीने “नाही सांगणार” म्हटलं की लगेच, “बघा गं, हिच्या अकाउंटमध्ये सोनं ठेवलंय!” मग ती बिचारी सांगूनच टाकते. मैत्रीपुढे आठ अक्षरांचं काय एवढं?

तर मित्रहो, विषय हाच. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीममध्ये कोण कोणत्या नावाने आत शिरतं आणि ते नीट राखलं नाही तर काय होतं. झोप आली तर खुशाल पान उलटा, पुढे कविता आहेत. पण ज्यांचं मिनी प्रोजेक्ट किंवा फायनल इयरचं प्रोजेक्ट चालू आहे त्यांनी वाचावं, आणि जमलं तर गाइड लोकांनीही.

हा लेख मी टेक्निकल सेक्शनला इंग्रजीत द्यावा असं मैत्रिणींचं म्हणणं होतं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी म्हणजे घरी आजीशी बोलण्यापुरतं. पण ज्या घटनेमुळे हा विषय डोक्यात बसला, तिच्यावर सगळ्यांचं बोलणं मराठीत झालं, भांडणंही मराठीतच झाली, म्हणून मीही हट्टाने मराठीत लिहितेय. शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात.

पहिली अडचण शब्दाचीच आली. ‘ऑथेंटिकेशन’ला मराठीत काय म्हणतात? शोधल्यावर ‘अधिप्रमाणन’ असा भारदस्त शब्द मिळाला. आधारच्या कागदांवर तोच असतो. फोनवर आजीला विचारलं, तर दोन मिनिटं माझं रडगाणं ऐकून ती म्हणाली, “म्हणजे ओळख पटवणं ना गं?” झालं! तीन वर्षांत जी व्याख्या धड पाठ होत नव्हती ती दोन शब्दांत मिळाली.

आणि मग मजा लक्षात आली. आपल्याकडे ‘ओळख असणं’ आणि ‘ओळख पटणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. “त्याची वर ओळख आहे” म्हणजे त्याचं काम होतं. “त्याची ओळख पटली” म्हणजे तो तोच आहे याची खात्री झाली. माणसांच्या जगात पहिल्या ओळखीवर भागतं. कॉम्प्युटरला मात्र फक्त दुसरीच कळते. तुम्ही चौघं बालवाडीपासूनचे दोस्त असलात तरी त्याच्या लेखी तुम्ही म्हणजे एक लॉगिन. आणि चौघांनी एकच लॉगिन वापरलं तर तुम्ही चौघं म्हणजे एकच माणूस.

आता ती घटना सांगते. आमच्या लॅबमध्ये आमच्या शेजारच्या मशीनवर चौघांचा एक ग्रुप बसायचा. त्यांचं मिनी प्रोजेक्ट म्हणजे मेसच्या खाड्यांचं ॲप. कोणी किती दिवस जेवलं नाही, त्याचे खाडे मोबाईलवरून मांडायचे आणि महिनाअखेरीस बिलातून तेवढी रक्कम वजा व्हायची. कल्पना इतकी झकास की मेस सेक्रेटरीने प्रोजेक्ट पूर्ण व्हायच्या आतच जुनी वही बंद केली आणि पोरं खरेखुरे खाडे ॲपवर मांडायला लागली.

ग्रुपमधला एक मुलगा डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेला. गाव लांबचं, इंग्रजी बेताचं, बोलणं त्याहून कमी. बाकी तिघांकडे लॅपटॉप होते, याच्याकडे नव्हता. म्हणून तो कायम लॅबच्या मशीनवर काम करायचा. सर्वात आधी येणारा आणि शेवटी उठणारा तोच. त्या मशीनवर गिट बसवलं तेही त्यानेच, आणि सुरुवातीला गिट नाव मागतं तिथे अर्थातच स्वतःचं नाव घातलं.

गिटहबचं अकाउंट चौघांत एक. सर्व्हरचं लॉगिन चौघांत एक. डेटाबेसचा पासवर्ड कोडच्या फाईलमध्येच लिहिलेला, म्हणजे कोणाला विचारायला नको.

इंटर्नलच्या आधीच्या शुक्रवारी रात्री कोणीतरी एक टेस्ट चालवली. ती टेस्ट आधी सगळी टेबलं पुसून टाकायची आणि मग कोरी टेबलं तयार करायची. ती चालायला हवी होती नकली डेटाबेसवर, पण फाईलमध्ये पत्ता होता खऱ्याचा. दोन महिन्यांचे खाडे एका सेकंदात गेले. बॅकअप नाही. वहीसुद्धा नाही!

महिनाअखेरीस सगळ्या हॉस्टेलला पूर्ण बिल आलं. दहा-दहा दिवस घरी राहून आलेल्या पोरांनाही. मग काय विचारता. गिटचा इतिहास उघडला गेला, ती टेस्ट कोडमध्ये घालणारी शेवटची कमिट बघितली, आणि तिच्यापुढे नाव होतं या मुलाचं. वेळ रात्री नऊ वाजून काही मिनिटं. झालं, पुरावाच मिळाला! तो सांगत होता, “मी त्या रात्री गाडीत होतो, गावी चाललो होतो.” पण ऐकतंय कोण? कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, अशी आपल्या सगळ्यांची श्रद्धा. सहा दिवस तो मेसमध्ये एकटा जेवला. कोणी शिव्या दिल्या नाहीत, पण तो टेबलावर येऊन बसला की ताटं उचलली जायची. मी ते रोज बघत होते.

सातव्या दिवशी आमच्या लॅबच्या मॅडमनी एक साधी गोष्ट केली. त्या स्वतः त्या मशीनवर बसल्या, एका फाईलमध्ये एक रिकामी ओळ घातली, कमिट केली आणि सगळ्या ग्रुपला स्क्रीन दाखवली. कमिट केली होती मॅडमनी. नाव आलं त्या मुलाचं.

लॅबमध्ये एकदम शांतता. मग त्याने जर्नलच्या पानांत जपून ठेवलेलं एस.टी.चं तिकीट काढून टेबलावर ठेवलं. त्यावर तारीख आणि वेळ छापलेली होती. सहा दिवस ते तिकीट तो बरोबर घेऊन फिरत होता, पण दाखवायला कोणी विचारलंच नव्हतं.

ती टेस्ट नेमकी कोणी चालवली, ते आजपर्यंत कळलेलं नाही. कळणारही नाही. ज्याने केलं त्याला कदाचित स्वतःलाही ठाऊक नसेल. आणि मला वाटतं, खाडे गेले त्यापेक्षा हे जास्त वाईट झालं. एका लॉगिनमागे चौघं उभे असले की दोषी सापडत नाही हे तर खरंच, पण निर्दोष माणसालाही सुटता येत नाही. मग दोष आपोआप घरंगळत त्याच्याकडे जातो ज्याची बाजू घ्यायला कोणी नाही.

यातली तांत्रिक गोम समजून घेऊ. गिट हे हिशेबाची वही आहे, पण वहीत नाव लिहिताना ते कोणाची ओळख पटवून घेत नाही. तुम्ही सांगाल ते नाव ते लिहून घेतं. मी उद्या माझ्या लॅपटॉपवर प्रिन्सिपॉल सरांचं नाव आणि ईमेल घातला, तर माझ्या सगळ्या कमिट सरांच्या नावावर पडतील! ओळख पटते ती कोड गिटहबवर पाठवताना, म्हणजे पुश करताना. आणि तिथे तर चौघांचं अकाउंट एकच होतं. म्हणजे एकीकडे नाव होतं पण ओळख नव्हती, दुसरीकडे ओळख होती पण ती चौघांची मिळून एक.

यावर उपाय आहे आणि तो आपल्या ओळखीचा आहे : शिक्कामोर्तब. शिवकाळातल्या पत्रांवर वर शिक्का असायचा आणि मजकूर संपला की खाली मोर्तब. पत्र कोणाचं ते शिक्क्याने कळायचं आणि मोर्तबाखाली कोणी आणखी ओळ घुसवू शकायचं नाही. गिटमध्ये हेच काम सही केलेली कमिट करते. तुमच्या मशीनवर तुमची एक खाजगी किल्ली असते, तिने कमिटवर सही होते आणि तिच्या जोडीची सार्वजनिक किल्ली गिटहबला दिलेली असली की त्या कमिटपुढे ‘व्हेरिफाइड’ असा हिरवा शिक्का दिसतो. मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही. सेटिंग करायला अर्धा तास लागतो. त्या मुलाचे सहा दिवस त्या अर्ध्या तासात वाचले असते, जर प्रत्येकाची किल्ली वेगळी असती तर.

पासवर्ड ही चीज आली तीच मुळी एक मशीन अनेकांत वाटून घेण्याच्या गरजेतून. अमेरिकेतल्या एम.आय.टी.मध्ये १९६० च्या सुमारास फर्नांडो कॉर्बाटो आणि सहकाऱ्यांनी सी.टी.एस.एस. नावाची यंत्रणा उभारली. एक भलामोठा कॉम्प्युटर, अनेक टर्मिनल्स. प्रत्येकाच्या फाईल्स वेगळ्या राहाव्यात आणि प्रत्येकाला ठरलेलीच वेळ मिळावी म्हणून पासवर्ड. आणि गंमत बघा, पासवर्ड आला आणि त्याच्यामागे चोरही आला! १९६२ मध्ये तिथल्याच ॲलन शेर नावाच्या संशोधकाला कामाला वेळ पुरेना. त्याने पासवर्डची अख्खी फाईल छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावाने कॉम्प्युटर वापरला. हे त्यानेच कित्येक वर्षांनी सांगून टाकलं. त्याच दशकात एकदा तिथे पासवर्डची फाईल आणि स्वागताचा संदेश यांची अदलाबदल झाली. लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला ‘सुस्वागतम्’ऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसायला लागले!

यातून शिकून पासवर्ड जसाच्या तसा साठवायचाच नाही असं ठरलं. १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्समधली पद्धत लिहून ठेवली. पासवर्डचा आधी चुरा करायचा. गव्हाचं पीठ होतं, पिठाचा गहू होत नाही, तसं. याला हॅश म्हणतात. शिवाय प्रत्येकाच्या पिठात वेगळं चिमूटभर मीठ घालायचं, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळं दिसेल. त्यालाही खरोखर ‘सॉल्ट’च म्हणतात. हे १९७९ चं ज्ञान. तरी २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीतून तीन कोटींवर पासवर्ड चोरीला गेले, ते सगळे न दळलेले, जसेच्या तसे! तेव्हा तुमच्या प्रोजेक्टमध्ये लॉगिनचं पान असेल आणि डेटाबेस उघडल्यावर मित्रांचे पासवर्ड वाचता येत असतील, तर व्हायव्हाच्या आधी ते बदला. बीक्रिप्ट किंवा आर्गॉन-टू नावाची तयार लायब्ररी घ्या, स्वतःची गिरणी उघडू नका.

दुसरी गोष्ट कोडमध्ये ठेवलेल्या पासवर्डची. “आपली रिपॉझिटरी प्रायव्हेट आहे, कोण बघतंय?” हे वाक्य प्रत्येक ग्रुपमध्ये ऐकू येतं. उबरच्या इंजिनिअर्सनाही असंच वाटलं असणार. २०१६ मध्ये चोरांनी उबरच्या इंजिनिअर्सच्या गिटहब अकाउंटमध्ये प्रवेश मिळवला. कसा? दुसरीकडे आधीच फुटलेले जुने पासवर्ड तिथे चालवून बघितले आणि ते चालले. खाजगी रिपॉझिटरीत ॲमेझॉनच्या क्लाउडची किल्ली साध्या अक्षरांत लिहिलेली होती. तिने पुढचं दार उघडलं आणि पाच कोटी सत्तर लाख प्रवासी आणि ड्रायव्हर यांची माहिती गेली. लोकांना हे कळलं २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये. टोयोटाचं वेगळंच. त्यांच्या एका ठेकेदाराने डिसेंबर २०१७ मध्ये कोडचा काही भाग चुकून सगळ्यांना दिसेल असा ठेवला, त्यात सर्व्हरची किल्ली होती, आणि ते लक्षात आलं सप्टेंबर २०२२ मध्ये. जवळजवळ पाच वर्षं किल्ली कुलपालाच लटकलेली! सुमारे दोन लाख शहाण्णव हजार ग्राहकांचे ईमेल पत्ते उघडे पडल्याची शक्यता कंपनीने जाहीर केली.

इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. चुकून पासवर्ड कमिट झाला आणि पुढच्या कमिटमध्ये तो काढून टाकला, तर तो जात नाही. गिट म्हणजे काही विसरायचं नाही यासाठीच बनवलेली चीज. जुन्या पानावर तो तसाच असतो. म्हणून फाईल पुसत बसू नका, आधी पासवर्डच बदला. किल्ली हरवली की आपण किल्लीचा फोटो फाडत नाही, कुलूप बदलतो. आणि मुळात तो कोडबाहेर वेगळ्या फाईलमध्ये ठेवा, ती फाईल गिटइग्नोरमध्ये घाला, म्हणजे ती वर जाणारच नाही.

तिसरी गोष्ट ओटीपीची. आपल्याकडे हा शब्द आता भाजीवाल्या मावशींनाही माहीत आहे. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना दुसरा पुरावा सक्तीचा केला, तेव्हापासून आपल्याला ही सवय लागत गेली. तत्त्व सोपं आहे : एक गोष्ट तुम्हाला माहीत असलेली, दुसरी तुमच्याजवळ असलेली. बँक लॉकरला दोन किल्ल्या लागतात तसं. गिटहबने ऑगस्ट २०२१ मध्ये नुसत्या पासवर्डवर कोड पुश करणं बंद केलं आणि २०२३ अखेरपर्यंत कोड देणाऱ्यांना टप्प्याटप्प्याने दुसरा पुरावा सक्तीचा केला. (आपल्या कितीतरी ग्रुप्सनी यावर तोडगा काय काढला? एकाच्या मोबाईलवर कोड येतो, तो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. धन्य!)

पण दुसरं कुलूपही माणूसच उघडतो. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये उबरच्याच एका कंत्राटी कर्मचाऱ्याचा पासवर्ड चोराकडे होता. चोर पुन्हा पुन्हा लॉगिन करत राहिला, त्या माणसाच्या फोनवर ‘मंजूर करू का?’ अशा विनंत्या येत राहिल्या, आणि शेवटी त्याने एकदा ‘हो’ म्हटलं. सप्टेंबर २०२५ मध्ये जावास्क्रिप्टच्या जगात याहून मोठं झालं. एन.पी.एम.वर खूप वापरली जाणारी पॅकेजेस सांभाळणाऱ्या एका अनुभवी माणसाला ईमेल आला : तुमचा दुसरा पुरावा जुना झालाय, नवीन करा. पत्ता जवळजवळ खऱ्यासारखा. त्याने त्या नकली पानावर पासवर्डही दिला आणि कोडही दिला. चॉक, डीबग अशा अठरा पॅकेजेसमध्ये क्रिप्टो चलन वळवून घेणारा कोड घुसला. आठवड्याला ती सगळी मिळून दोनशे कोटींहून जास्त वेळा डाउनलोड होतात. तुमच्या-माझ्या प्रोजेक्टमध्येही ती असतील. काही तासांत ते पकडलं गेलं म्हणून निभावलं.

मग अशा फसवणुकीतून सुटणारं काही आहे का? आहे. सिक्युरिटी की किंवा आता मोबाईल-लॅपटॉपमध्ये आलेली पासकी. हिच्यात तुम्ही साइटच्या पानावर कुठलाही आकडा टाइप करत नाही. ही किल्ली ज्या साइटसाठी बनली त्या पत्त्यालाच उत्तर देते. नकली पान कितीही हुबेहूब असलं, तुम्ही कितीही झोपेत असलात, तरी पत्ता वेगळा असल्याने ती गप्प बसते. गूगलने २०१७ च्या सुरुवातीपासून आपल्या पंच्याऐंशी हजारांवर कर्मचाऱ्यांना अशा किल्ल्या सक्तीच्या केल्या, आणि २०१८ मध्ये त्यांनी सांगितलं की तेव्हापासून एकाही कर्मचाऱ्याचं कामाचं अकाउंट अशा जाळ्यात अडकलेलं नाही. इथे माणसाच्या हुशारीवर काही सोपवलेलंच नाही, हे मला फार आवडलं.

आणि हो, ठराविक दिवसांनी पासवर्ड बदला, त्यात एक कॅपिटल, एक आकडा, एक फुली घाला, हा छळ आठवतोय ना? त्याचं मूळ अमेरिकेच्या ‘निस्ट’ या संस्थेच्या २००३ च्या कागदपत्रात आहे. ते लिहिणारे बिल बर यांनीच २०१७ मध्ये त्याबद्दल खेद व्यक्त केला. कारण माणसं काय करतात? शेवटच्या १ चा २ करतात आणि चिठ्ठी मॉनिटरला चिकटवतात. निस्टने त्याच वर्षी सल्ला बदलला आणि २०२५ च्या आवृत्तीत तर स्पष्टच सांगितलं की पासवर्ड फुटल्याची खूण असेल तेव्हाच तो बदलायला लावा, उगाच ठराविक दिवसांनी नको. लांब पासवर्ड घ्या, प्रत्येक ठिकाणी वेगळा घ्या आणि लक्षात राहत नाहीत तर पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा. एवढंच.

इतकं वाचल्यावर कोणी म्हणेल, “म्हणजे आता मित्रांवर विश्वास ठेवायचा नाही का?” हाच प्रश्न मी त्या घटनेनंतर खूप दिवस घोळवला. मला रायगडच्या हिरकणीची गोष्ट आठवते. संध्याकाळी दरवाजे बंद झाले, पहारेकऱ्यांनी नियम मोडला नाही, आणि घरी तान्हं बाळ म्हणून ती कडा उतरून गेली. गोष्ट सांगते की महाराजांनी तिला शिक्षा केली नाही, तिचा सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला. मला यात तिन्ही गोष्टी दिसतात. दरवाजाचा नियम सगळ्यांना सारखा होता. फट सापडली तेव्हा माणसाला न धरता फट बुजवली. आणि हे जमलं, कारण कडा कोण उतरलं ते नक्की ठाऊक होतं. ‘कोणीतरी’ उतरलं असतं तर पहाऱ्यावरच्या सगळ्या गरिबांची चौकशी झाली असती!

त्या मेसच्या ॲपमध्येही चूक माणसाची कमी आणि फटीची जास्त होती. खऱ्या डेटाबेसवर टेबलं पुसायची मुभा चौघांनाही कशाला हवी होती? प्रत्येकाला कामापुरतीच मुभा असती, तर ती टेस्ट ‘परवानगी नाही’ म्हणून थांबली असती आणि पोरं हसून पुढे गेली असती. वेगळं लॉगिन मागणारा मित्र तुमच्यावर संशय घेत नसतो. उद्या काही बिघडलं तर तुमच्यावर उगाच आळ येऊ नये, याची तो सोय करत असतो.

आता शेवटचं, आणि हे मुख्यतः स्टाफसाठी. कॉलेज सोडताना आपण नो ड्यूजचा फॉर्म घेऊन दारोदार फिरतो. लायब्ररी सही करते, मेस सही करते, जिमखाना बॅडमिंटनच्या रॅकेटसाठी अडवतो, रेक्टर सर खोलीची किल्ली मोजून घेतात. पण प्रोजेक्टच्या सर्व्हरची किल्ली कोणीच परत मागत नाही. दोन वर्षांपूर्वी पास झालेले सीनिअर्स आजही आत शिरू शकतील असे किती सर्व्हर आपल्या लॅबमध्ये असतील? त्या फॉर्मवर एक रकाना वाढवता येईल का : ‘सर्व अकाउंट बंद केले, सामायिक पासवर्ड बदलले’, आणि खाली लॅबची सही. कागद तोच, खर्च शून्य. आणि मिनी प्रोजेक्टच्या पहिल्या रिव्ह्यूला गाइडनी फक्त एक विचारावं, “प्रत्येकाचं लॉगिन वेगळं आहे ना?” ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांनाही लॅबच्या मशीनवर स्वतःचं वेगळं अकाउंट मिळावं. ही मागणी मी त्या मुलाच्या वतीने करतेय. तो स्वतः करणार नाही, मला माहीत आहे.

बाकी बादली, साबण, मॅगी यांना माझी काही हरकत नाही. ते चालू द्या!